ओढ्यात ताल नव्हता...

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बारामतीला बीएस्सी केलंय. शेजारणीच्या अंगात आलं की मी चहाचं आधण ठेवते — घुमून घुमून बिचारीचा घसा कोरडा पडतो म्हणून. तरी हे लिहितेय, कारण स्वतःच्याच डोळ्यांवर किती दिवस संशय घ्यायचा?

निमगाव केतकीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती आहे. पावसाची वाट बघून इथं माना मोडतात, पण पडला की असा पडतो... डोंगर उघडाबोडका, पाणी धरायला झाड नाही, सगळा लोंढा ओढ्यात येतो. आणि वस्तीतून बाहेर पडायचा एकुलता एक रस्ता त्याच ओढ्यावरून जातो.

पूर्वी रस्त्याच्या वरच्या अंगाला ओढ्यात धोंड्यांचा ताल होता — म्हणजे कमरेएवढी, तिरपी रचलेली भिंत. लोंढा तिच्यावर आपटायचा आणि रस्त्याचा भराव सोडून मधल्या मोऱ्यांकडे वळायचा. मेंढरं राखणाऱ्या थोरल्यांनी घालून दिलेली रीत अशी, की वस्तीत येणाऱ्या नव्या सुनेनं उंबरा ओलांडायच्या आधी तालावर एक धोंडा ठेवायचा. मीही ठेवला होता, शालू सावरत, मनातल्या मनात हसत.

मग सिमेंटचा पूल झाला. सगळ्यांना वाटलं, आता ताल कशाला? धोंडे देवाच्या कामी लागू देत, म्हणून ट्रॉल्या भरून ते देवळाच्या नव्या सभामंडपाच्या पायात घातले. एकटे आबा, म्हणजे माझे सासरे, कुरकुरले. "देवाला कुठं दवाखान्यात जायाचं आसतंय?" म्हणाले. म्हाताऱ्याचं कोण ऐकणार!

मागच्या वर्षी परतीचा पाऊस झाला, त्या दुपारची गोष्ट. पूल शाबूत होता, पण पाणी त्याच्या कडेचा मुरमाचा भराव खायला लागलं. माझे मिस्टर पोती आणि दगड लावून कड धरायला गेले. दगड उचलताना खालची घोणस हाताला डसली.

बघता बघता हात कोपरापर्यंत सुजला. आमची भाजी वाहायची पिकअप मीच चालवते. मागं त्यांना निजवलं, आबा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ओढ्यापाशी आले तर रस्ता निम्मा गेलेला! गाडी जेमतेम मावेल एवढी पट्टी उरली होती आणि तीही ढेकळाढेकळानं पाण्यात पडत होती. फोन केला, तर ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "ताई, मी पलीकडं थांबतो. तिकडं येणं व्हायचं न्हाय."

"आगं, हिरड्यातनं रगात येतंय ह्येच्या!" मागून आबा ओरडले.

मी स्टेअरिंगवर डोकं आपटून रडले. देवाला नाही नाही त्या शिव्या दिल्या. त्याचा सभामंडप कोरडा होता ना!

मान वर केली, तेव्हा भरावाला पाणी लागत नव्हतं.

पाऊस तसाच, लोंढा तसाच. पण वरच्या अंगाला, जिथं ताल होता त्याच तिरप्या रेषेत, पाणी अडून उभं होतं... कमरेएवढं. फेस त्या रेषेला घासत मोऱ्यांकडे वळत होता आणि रेषेच्या अलीकडे ओढ्याचा तळ उघडा पडला होता. अडवायला तिथं काही नव्हतं. दगड नाही, लाकूड नाही, काही म्हणजे काही नाही.

"आबा, ताल तर आपण काढलाय..." माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"मला बी दिसतंय. इचारत बसू नगंस, पोरी. घाल गाडी!"

घातली. डाव्या चाकाखालची माती सरकलेली मला सीटवर कळली. पलीकडे चढले आणि मागं धाडकन आवाज झाला. पाणी सुटलं होतं — पोती, मुरूम, पट्टी, सगळं घेऊन गेलं.

इंदापूरला लस मिळाली आणि मिस्टर वाचले. त्यांची बोटं अजून नीट मिटत नाहीत, शर्टाची बटणं मी लावते.

पाणी ओसरल्यावर मी स्वतः ओढ्यात उतरून बघितलं. नुसता कातळ होता. माझा भाऊ इंजिनिअर आहे, तो म्हणाला, वाळूचा उंचवटा झाला असेल आणि नंतर वाहून गेला असेल. असेल बाबा... पण मग मला त्यातला वाळूचा एक कणही का दिसला नाही? आबांना विचारलं, तर म्हणाले, "तू धोंडा ठिवला हुतास न्हवं? मग?" आता हे काय उत्तर झालं?

रस्ता पुन्हा झालाय. जाळीत दगड भरून कडही बांधलीय. माझा अजूनही असल्या गोष्टींवर विश्वास नाही आणि त्या दुपारचा अर्थही मला लागलेला नाही. पण परवा शेजाऱ्यांची नवी सून गाडीतून उतरली, तेव्हा तिला तालाच्या जुन्या जागेपाशी नेऊन तिच्या मेंदीच्या हातात धोंडा मीच दिला. ती मनातल्या मनात हसली, मला बरोबर कळलं.

"हस बाई, खुशाल हस," मी म्हटलं. "पण नीट ठेव."