गोजरबाईंच्या सापळ्यातले पतंग

आमच्या फुलंब्रीकडच्या गावात कपाशीच्या बाबतीत बन्सीभाऊंचा शब्द शेवटचा. पावसाळ्यात रोज सकाळी ते रानोरान फिरून, मादीच्या वासानं नर ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यांत अडकलेले बोंडअळीचे पतंग मोजत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहीत. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग आले की फवारा, नाहीतर औषध वाया घालवू नका, हा त्यांचा हुकूम. मीही त्या फळ्याच्या भरवशावरच शेती केली.

वेचणी संपली की ते कोणाला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, रचून ठेवू देत नसत. "अळी त्याच्यातच निजती, अन् पाऊस पडला की पतंग व्हऊन उठती," असं दारोदार सांगत फिरायचे. माझ्या बायकोनं चुलीसाठी ठेवलेल्या चार मोळ्याही त्यांनी उचलायला लावल्या. तेव्हा ती त्यांना जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण त्यांच्याच घरामागं ताडपत्रीखाली गाडीभर पऱ्हाट्या होत्या. सत्यभामावहिनींनी ठणकावलं होतं, "गॅस संपला तर काय तुमचा फळा जाळू?" बायकोपुढं भाऊंचा हुकूम चालत नसे.

त्या घराला लागूनच गोजरबाईंची दोन एकर कपाशी, एकटीनं राबून उभी केलेली. जुलैअखेरीस त्यांच्या सापळ्यात तेवीस पतंग निघाले. दुसऱ्या दिवशी सव्वीस. बाकी गावात दोन-तीन. खरा आकडा लिहिला असता तर हे आले कुठून, असं अख्ख्या गावानं विचारलं असतं. भाऊंनी चार लिहिले. तिसऱ्या दिवशीही चारच.

गोजरबाईंनी फवारलं नाही. ऑगस्टात त्यांच्या फुलांच्या डोमकळ्या झाल्या. पाकळ्या उघडेनात आणि आत अळी. गाव फळ्यापाशी जमलं. आकड्यातच घोळ आहे, असं कोणीतरी म्हणालं तशा गोजरबाई ताडकन उठल्या.

"बन्सीभाऊ खोटं लिवायचे नाय. सापळाच खराब असंल. तेवढा बदलून द्या, भाऊ."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर भाऊ भांडले असते. तोंडाला ते काही कमी नाहीत. पण या बोलण्यानं त्यांची मान खाली गेली.

"सापळा चांगलाय, बाई. तेवीस व्हते, मी चार लिवले. पतंग माझ्या पऱ्हाट्यातले. लई लाज वाटती मला."

गोजरबाई तशाच वळून घरी गेल्या. मग मात्र लोकांना कंठ फुटला, आणि भाऊ सगळं उभ्यानं ऐकत राहिले.

मी मागं भिंतीला टेकून बसलो होतो. भाऊंनी उचलायला लावलेल्या त्या चार मोळ्यांपैकी दोन बायकोनं आमच्या न्हाणीमागं सरकवल्या होत्या, त्या अजून तशाच होत्या, आणि आमची न्हाणीही गोजरबाईंच्या बांधालाच लागून आहे. भाऊंच्या शेजारी जाऊन मीही उभं राहायला हवं होतं. मी उठलो नाही.