आधी बांध, मग चहा

"हे गेले गो," फोनवर मामी म्हणाली. मग जरा थांबून, "आता बांध कोण तुडवणार...?" डोळ्यांत पाणी आणि मला हसू फुटलं. जाणाऱ्याच्या मागोमाग काळजी कसली, तर बांधाची!

सावर्ड्याजवळच्या आपल्या जागेत, घरामागच्या पऱ्यावर, अण्णामामाने मातीचं छोटं धरण बांधलं होतं. पावसात धो धो वाहणारा तो ओढा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडायचा आणि मामाच्या पोफळी माना टाकायच्या. तळं भरलं खरं, पण पहिल्याच वर्षी खेकड्यांनी बांध पोखरला आणि सगळं पाणी गेलं. "अण्णाने खेकड्यांना बंगला बांधून दिला!" गाव खो खो हसलं. मामाने हसणाऱ्यांनाच जेवायला बोलावलं. अट एकच, खेकडे ज्याचे त्याने बिळांतून पकडायचे. रस्सा ओरपून झाल्यावर बिळांत चिखल ठासून सगळ्यांना बांधावर नाचवलं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी टिकलं, आणि घराला नियमच पडला... आधी बांध तुडवायचा, मग चहा. पोस्टमन असो नाहीतर व्याही, पडवीत पाय ठेवला की मामा म्हणायचा, "पाय बघू!" तळव्यांना लाल माती नसली की आल्या पावली परत.

लग्नानंतर आमचे हे पहिल्यांदा गेले ते पांढरी पँट घालून. तीही दुमडून बिचारे बांधावर चढले, आणि थोड्या वेळाने गळ्यापर्यंत भिजून आले. मामा गंभीरपणे म्हणाला, "जावईबापू, बांध तुडवायचा असतो, तळं नव्हे!" टॉवेल मात्र स्वतः घेऊन धावला.

यंदा शिमग्याला मी भेटले तेव्हा मामाला पडवीतून उठवत नव्हतं. खुर्चीतूनच बांधाकडे बघत होता. "माझ्यामागे कोणी येईल काय गो इथे? पाय थांबले की बांध गेला म्हणून समज."

गेल्या आठवड्यात मामीकडे गेले. प्रवासाने जीव शिणला होता, थेट पडवीत जाऊन मामाच्या खुर्चीशेजारी टेकले. पायरीवर लाल मातीची पावलं उमटली होती, लहान, मोठी, ओली, सुकलेली. "कोण कोण येऊन गेलं?" मी विचारलं.

"रोज कोणी ना कोणी येतं. सांगावं लागत नाही हो कोणाला." मामी चहाचं आधण ठेवायला उठली, दारात थबकली आणि वळून माझ्याकडे बघत म्हणाली,

"पाय बघू!"