पुढच्या चाकाचे आतले नट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सुनीतालाही नाही – म्हणजे माझ्या बायकोला – आणि तिच्यापासून लपवलेली दुसरी गोष्ट माझ्याकडे बहुधा नसेलच. तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. तुम्ही उद्या सकाळी मला जिन्यात भेटणार नाही.

आधी माझ्याबद्दल. मी याद्या करणारा माणूस आहे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशिनांची देखभाल माझ्याकडे असते. कुठल्या मशिनला तेल कधी, कुठला पट्टा कधी बदलायचा, सगळं कागदावर. काम झालं की पुढे खूण. काम न करताच खूण केली म्हणून मी दोघांना मेमो दिलेत. त्यातल्या एकाची बढती हुकली, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. घरी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेला असतो. गॅस, पाण्याची टाकी, औषधं, गाडी. सुनीता म्हणते, आमच्याकडे देवापेक्षा यादीला जास्त घाबरतात.

तर गाडी.

गाडी छोटी, जुनी घेतलेली, पण मी ठेवली होती व्यवस्थित. त्या वर्षी गणपतीला माझा साडू आला. गाडी समोरून बघितली आणि चारचौघांत म्हणाला की हिचे पाय बघा, मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखे जुळवून उभी आहे बिचारी. सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर रोज खाली उतरलो की मला ते जुळवलेले पायच दिसायचे. पन्नाशीच्या माणसाने असल्या गोष्टीने खट्टू व्हावं? मी झालो. घटस्थापनेच्या आदल्या रविवारी उल्हासनगरला गेलो आणि पुढच्या दोन्ही चाकांना स्पेसर बसवून घेतले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाक ज्या हबवर बसतं तो हब आणि चाक यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती घालतात. चाक इंचभर बाहेर येतं, गाडी रुंद दिसते. चकतीला नट दोन प्रकारचे. बाहेरचे चाकाला चकतीवर धरून ठेवतात. आतले त्या चकतीला हबवर धरतात, आणि ते चाक काढल्याशिवाय दिसत नाहीत. दुकानातला मिस्त्री माझ्याच वयाचा होता. हात पुसत म्हणाला, "साब, सौ किलोमीटर के बाद चक्का खोल के अंदर के नट वापस कसना. भूलना मत." मला हसू आलं. हे कुणाला सांगतोय हा? घरी येऊन मी यादीत लिहिलं: शंभर कि.मी. – आतले नट पुन्हा कसणे.

गाडी दिसायला छान झाली. चालवायला नाही, हेही खरं. स्टिअरिंग जड झालं. खड्ड्यात चाक गेलं की झटका थेट मनगटात यायचा. रस्त्याला जुनी चाकोरी असेल तर गाडी आपण होऊन तिच्यात शिरायला बघायची. मला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण साडूला मी फोटो पाठवून मोकळा झालो होतो.

आणि रमाकांतलाही कळलं. रमाकांत हा सुनीताचा मोठा भाऊ. बदलापूरला राहायचा, आईसोबत. आणि तिथल्याच एका शाळेची बस चालवायचा. अठरा वर्षं. बसमधल्या मुलांची मुलंही आता त्याच्या बसमध्ये बसायची वेळ आली, असं तो गमतीने म्हणायचा. मध्ये एकदा बाजारापर्यंत त्याने माझी गाडी चालवली आणि उतरताना म्हणाला, "भाऊजी, गाडी हाताला ओढते हो. त्या चकत्या काढून टाका." मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, "बस हाकण्यात आणि गाडी चालवण्यात फरक असतो, रमाकांत." तो हसला फक्त. वादात पडणाऱ्यातला नव्हताच तो.

शंभर किलोमीटर नेमके खंडेनवमीला भरले.

आमच्याकडे नवमीला हत्यारांची पूजा होते. माझी हत्यारं म्हणजे पान्यांची पेटी आणि नट नेमक्या जोराने कसायचा टॉर्क रेंच. सुनीताने सकाळीच ती पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजेतलं हत्यार दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत उचलायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत, आणि आमच्या घरात ती मोडलेली नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर मी कपाटाचं दार उघडलं. सगळ्या कामांपुढे खुणा. फक्त त्या एका ओळीपुढे कोरं. उद्या दसरा – आणि यादी अपुरी? पेटी तर पाटावर. एकादशीला कसू, एका दिवसाने काय बिघडतं, असं म्हणून मी खूण केली.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. काम न करता.

इथपर्यंतचं तुम्ही कदाचित माफही कराल. म्हणून पुढचं सांगायला हवं.

दसऱ्याला सासूबाईंना बारवी धरणाच्या रस्त्याला असलेल्या गावात बहिणीकडे सोनं द्यायला जायचं होतं. गाडी माझी, पण सासूबाईंची अट एकच – रमा चालवणार असेल तरच मी बसेन. मी रमाकांतच्या शेजारी बसलो, सासूबाई मागे. सुनीता घरी पुऱ्या तळायला थांबली होती. जाताना बदलापूर सोडल्यावर रमाकांतने वेग कमी केला. डावीकडून काहीतरी आवाज येतोय म्हणाला, चाक उघडून बघू का? मी म्हणालो, "कालच कसलेत." एवढंच. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गाडी पुढे घेतली. माझा शब्द त्याला पुरला. का नाही पुरणार? माझी याद्यांची ख्याती त्याला ठाऊक होती.

येताना दुपारचे चार वाजले असतील. मांडीवर बहिणीने दिलेल्या काकड्यांची पिशवी घेऊन सासूबाई मागे पेंगत होत्या. एका वळणाच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरायला लागलं. रमाकांत म्हणाला, "थांबवतो मी, काहीतरी आहे." तो ब्रेक दाबतच होता तेवढ्यात डावं चाक चकतीसकट निखळलं. गाडी खाली आपटली, घसरत गेली आणि डाव्या बाजूने चरात कलली. मला खरचटलंही नाही. सासूबाई सीटवरून खाली पडल्या होत्या. पाय हलवता येत नव्हता, आणि त्या ओरडतही नव्हत्या – नुसतं रमा, रमा म्हणत होत्या. रमाकांतने मागून येणारा एक टेम्पो थांबवला, आईला लहान मुलासारखं उचललं आणि बदलापूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. तुम्ही गाडीपाशी थांबा, म्हणाला.

मी थांबलो. आणि काय केलं?

गाडीची उजवी बाजू रस्त्यावरच होती. डिकीतून जॅक काढला, चाकाचा पाना काढला, आणि उजवं चाक उतरवलं. आतल्या नटांना हात लावला. चारही नट नुसत्या बोटांनी फिरत होते. म्हणजे शंका उरली नाही. मग मी हब फिरू नये म्हणून जॅकचा दांडा अडकवला आणि ते चारही नट कसले. एकाआड एक, जसे कसायला हवेत तसे. चाक परत बसवलं. हात गवताला पुसले. तोवर तिकडे सासूबाईंचा खुबा मोडला आहे हे एक्स-रेत दिसत होतं.

आणि आता ही गोष्ट लक्षात घ्या, कारण मी ती अनेक वर्षं स्वतःच्याही लक्षात येऊ दिली नाही. हत्यारं पूजेत होती, हे माझं कारण. पण डिकीतला पाना पूजेत नव्हता. तो नवमीलाही तिथेच होता. आतल्या नटांना तो लागतो, हे त्या दुपारी मीच सिद्ध केलं. टॉर्क रेंचच्या नेमकेपणाने नसेल, पण चाक निखळण्याइतके ढिले तर ते राहिले नसते. नवमीला अर्धा तास लागला असता. मला खाली उतरायचं नव्हतं, इतकंच होतं ते.

संध्याकाळी गाडी ओढून नेली. साडू धावत आला होता, तोही गॅरेजवर होता. मेकॅनिकने उजवं चाक उघडून पाहिलं आणि म्हणाला की नट तर चांगले कसलेले आहेत, मग डावीकडचेही असतील; वळणावर गाडी जोरात खड्ड्यात घातली असेल. साडूने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. न बोलणं मला त्या दिवशी फार चांगलं जमत होतं.

दवाखान्यात सुनीता दारातच उभी होती. काय झालं, कसं झालं? रमाकांत भिंतीला टेकून बसला होता, शर्टाला चिखल. तो म्हणाला, "भाऊजींनी कालच नट कसले होते. मग माझंच काहीतरी चुकलं असेल." पाहिलंत? माझी थाप त्याने स्वतःच्याच विरुद्ध साक्षीला उभी केली. त्या क्षणी दोन शब्द बोललो असतो तर आज हे लिहीत नसतो. मी बोललो, नाही असं नाही. म्हणालो, "वळणावर जरा वेग होता."

रमाकांतने वर पाहिलं. चिडून नाही. आठवण्याचा प्रयत्न करत असल्यासारखं.

रात्री सुनीताने कपाटाचं दार उघडलं. खूण जागेवर होती. दार बंद करून ती म्हणाली, "दादाला काय घाई होती?" आमच्या घरात त्या यादीवर कुणी कधी शंका घेतलेली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच घडलं. बदलापूर काही इतकं मोठं नाही. बसवाल्याने म्हणे स्वतःच्या आईला वेगात नेऊन चरात घातलं, ही गोष्ट पालकांपर्यंत पोचली. शाळेने चौकशी केली तेव्हा रमाकांतने नाकारलं नाही – नाकारायला त्याच्याकडे होतं काय? दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याला परत बोलावलं नाही. मग त्याने कुठलीच गाडी चालवली नाही. आता तो पालेगावच्या एका नव्या सोसायटीच्या फाटकावर असतो. लोकांच्या गाड्या आल्या की दांडा वर करतो.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचीच इच्छा. वॉकर धरून बेसिनपर्यंत जायच्या, तेवढंच. मी त्यांच्या औषधांची यादी केली, व्यायामाचं वेळापत्रक केलं, संडासात दांडी बसवून घेतली. सोसायटीत बायका सुनीताला म्हणायच्या, जावई असावा तर असा. रमाकांत रविवारी यायचा, केळी घेऊन. सासूबाई त्याच्याशी वाईट वागल्या नाहीत, फक्त दर वेळी, तो निघताना, एकच विचारायच्या – "रमा, एवढी घाई कशाची होती रे?" तो चपला घालत म्हणायचा, चुकलं आई. मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असायचो. चार वर्षं. किती रविवार झाले हे मी मोजलेलं नाही, आणि मी तर सगळं मोजणारा माणूस.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शेवटच्या दोन दिवसांत कुणाला ओळखत नव्हत्या. म्हणजे त्यांना सांगण्याची वेळही मी जाऊ दिली. त्या कुणालाही ओळखेनाशा झाल्या तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. सुटकाच होती. हेही लिहून ठेवतो.

तेराव्याला पंगत उठल्यावर मी गच्चीत खुर्च्या मोजून एकावर एक रचत होतो. रमाकांत मदतीला आला. आम्ही दोघांनी मिळून खुर्च्या उचलल्या. मग तो थांबला आणि म्हणाला, "भाऊजी, एक विचारू? मी खरंच वेगात होतो का हो? मला आठवतं त्यात मी हळू होतो. पण आता वाटतं, ते मीच मनाने रचलं असेल. तुम्ही शेजारी होतात."

त्याच्या आवाजात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. माझ्यावर त्याचा अजूनही विश्वास होता. स्वतःवरचा गेला होता.

मी म्हणालो, "जाऊ द्या आता, रमाकांत." तो हो म्हणाला आणि उरलेल्या खुर्च्या एकट्यानेच खाली घेऊन गेला.

ती गाडी मी विकली. नव्या गाडीतून कधी पालेगाववरून जावं लागलं तर तो फाटकाशी दिसतो. हात करतो. मीही हात करतो. एकदा सुनीताने काच खाली करून त्याला चहाला बोलावलं, तेव्हा त्याची नजर आमच्या पुढच्या चाकाकडे गेलेली मी पाहिली. सवय असेल.

त्या दुपारी, स्टिअरिंग थरथरायला लागण्याआधी, मी काट्याकडे पाहिलं होतं. मी नेहमीच पाहतो. काटा पस्तीसवर होता. वळण अजून आलेलंही नव्हतं.