पेशंट शेवटचा नीट कधी होता?

चौदा वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर आहे मी. किस्से इतके साचलेत की ठेवायला वेगळं कपाट लागेल! घरी सुरू केलं की नवरा म्हणतो, "जेवताना नको." म्हणून तुम्हाला सांगते.

आमचं हॉस्पिटल जालन्यात. लकव्याचा पेशंट आला की पहिला प्रश्न एकच, शेवटचा नीट कधी होता? मेंदूच्या नसेत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर जिवाला धोका. वेळेत दिलं तर हात वाचू शकतो, बोलणं वाचू शकतं. आणि पेशंट सकाळपासून पडलेला असला तरी नातेवाईक छातीठोक सांगतात, "आत्ताच, सिस्टर!" हे "आत्ताच" ऐकलं की माझं डोकं फिरतं.

*

केदारखेड्याकडचे एक आजोबा आले, डोक्यापासून दंडापर्यंत रक्तानं माखलेले. ॲक्सिडेंट समजून मी सर्जनला हाक मारली, टाक्यांचा ट्रे काढला. पुसून बघते तर कुठं साधा ओरखडा नाही!

मुलगा शांतपणे म्हणाला, "त्यांचं न्हाई ते. कबुतराचं हाये. लकव्यावर लावतेत."

"कधी लावलं?"

"सकाळी. गुण येईना, मंग दुपारी दुसरं कापलं."

दोन कबुतरं गेली आणि आजोबांचा हातही गेला.

*

शहागडला हायवेवर एक ट्रक ड्रायव्हर जेवायला उतरला. झोकांड्या खाऊन राह्यला, जीभ जड, वरण ओठातून गळतंय. ढाबेवाल्यानं ओळखलं, प्यालाय! खाटेवर झोपवला, वरून लिंबूपाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत उतरेना, तेव्हा आमच्याकडं आणला.

मी बायकोला फोन लावला. ती ओरडलीच, "अवो, ते सुपारीचं खांडबी खात न्हाईत!"

ढाबेवाला बाजूलाच उभा होता, त्यानं ऐकलं. नंतर बिचारा आठवडाभर रोज डबा घेऊन यायचा.

*

शेतातला माणूस घड्याळ बघत नाही. पण पंपाची थ्री फेज लाइट कधी आली, हे त्याला बराबर ठाऊक! "लाइट आल्ती, मोटार चालू करायला गेल्ते, तिथंच पडले," असं कोणी म्हटलं की मी त्या गावाच्या लाइनमनला फोन लावते. किती वाजता सोडली, बाबा? पाच-सहा जणांचे नंबर आमच्या टेबलावर चिकटवलेत.

एका बाईला त्यामुळं इंजेक्शन मिळालं. चौथ्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी घरी गेली. मी कौतुकानं लाइनमनला कळवलं, तर तो घाबरला. "सिस्टर, माझं नाव कुठं लिहू नका हो! त्या दिवशी लाइट अर्धा घंटा लेट सोडल्ती मी."

*

एक पेशंट चक्क पाऊण तासात आला! डोक्याचं सीटी स्कॅन झालं, इंजेक्शन तयार. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं, क्वचित डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, सही करा. मुलगा म्हणाला, "मोठ्या भावाला इचारतो." भावाला मामाचं मत पाहिजे. मामा म्हणे जावयाला विचारा, जावई शिकलेला. जावई मीटिंगमध्ये! मी ओरडले, "अहो, सोयरीक जमवून राह्यलात का? जल्दी करा!"

शेवटी सगळ्यांचा होकार आला. मुलानं सहीला पेन मागितला. मी घड्याळाकडं बोट केलं, पाच तास होऊन गेले होते.

*

आणि हे जोडपं कुंभार पिंपळगावचं. बाई साठीच्या, उजवी बाजू गेलेली, तोंडातून शब्द नाही. सोबत फक्त नवरा.

"काका, त्या शेवटच्या नीट कधी बोलल्या?"

काका म्हणाले, "लेकीच्या लग्नात. बारा वर्षं झाली."

"अहो, आजचं विचारतेय!"

"आमी बोलत नसतोत, सिस्टर. ती ताट ठेवती, म्या जेवतो. काल सांजच्याला ठेवलं व्हतं. आज ताट न्हवतं म्हणून आत गेलो, तर ही पडलेली."

काल संध्याकाळ म्हणजे इंजेक्शनची वेळ केव्हाच टळलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी खरं सांगितलं, आणि मला त्या माणसाचा इतका राग आला की बोलायची सोय नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बीपी बघायला गेले. काका कॉटला चिकटून बसलेले, बोलत होते. म्हैस, विहीर, लेकीचं बाळंतपण, शेजाऱ्यानं कोरलेला बांध, खंडच नाही. दुपारी गेले तरी चालूच!

मी म्हटलं, "काका, त्यांना जरा आराम करू द्या."

बाईंनी डावा हात उचलला. पाणी पाहिजे असेल म्हणून मी ग्लास पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि मला दाराकडं बोट दाखवलं.