खुणेच्या वरचं तेल

चिंचणीत खाडीकडे उतरणाऱ्या आळीत सकाळी पहिल्यांदा दिसायचं ते प्रल्हादच्या गाडीचं उघडलेलं बॉनेट. गाडी छोटी, पांढरी, पेट्रोलवरची. घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती. प्रल्हाद इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून काढी, खांद्यावरच्या फडक्याने पुसे, पुन्हा घालून काढी आणि उजेडाकडे धरून बघे. मग डिकीतला डबा आणून इंजिनात घोटभर ऑइल ओती. पट्टीवर काय दिसलं याचा त्या घोटाशी फारसा संबंध नसे.

ही सवय मासेमारीच्या बोटीवरची. लाटेवर बोट कलली की इंजिनाच्या तळच्या चेंबरमधलं तेल एका अंगाला जातं आणि पंप नुसती हवा ओढतो, म्हणून तेल वरच्या खुणेच्याही थोडं वर ठेवायचं, असं त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं. आळीतले सगळेच तसं करत. पण धाकटा भाऊ नविन गेला, तेव्हापासून प्रल्हादला तो घोट ओतल्याशिवाय बंदर सोडवेनासं झालं. त्या दिवशी प्रल्हाद डहाणूला बहिणीकडे साखरपुड्याला गेला होता, बोट नविनने नेली होती. तेलाची नळी कुठेतरी सैल झाली, इंजिन कोरडं पडून जाम झालं आणि वाऱ्याने बोट खडकांवर नेली. बाकीचे खलाशी पोहून आले. नविन आला नाही. पुढे इंजिन वर काढून उघडलं तेव्हा प्रल्हाद शेजारी उभा होता. आत तेलाचा थेंब नव्हता, चेंबरचा तळ स्वच्छ दिसत होता.

दुरुस्त करून पुढे बरीच वर्षं चालवलेली ती बोट विकून गाडी घेतली ती बायकोसाठी, सुनंदासाठी. तिने अर्धं आयुष्य डहाणूच्या बाजारात पाटीवर मासळी विकली होती. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तलासरीच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीतल्या दवाखान्यात तिला डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागे. मुलगा अनिकेत तारापूरच्या कारखान्यात पाळीवर, म्हणून गाडी प्रल्हादच चालवी. गेल्या पावसाळ्यात रस्ता बंद झाला आणि दवाखान्याची एक खेप चुकली. तेव्हा पाय सुजून, छाती भरून आलेली सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिचा श्वास अडकत होता. त्यानंतर प्रल्हादला एकच धास्ती राहिली, गाडी वाटेत थांबता कामा नये.

सर्व्हिसिंगवाल्याने त्याला नीट सांगितलं होतं. ऑइल वर्षाने बदलायचं, किंवा दहा हजार किलोमीटरला. मधे सपाट जागी पट्टी बघायची आणि खालच्या खुणेकडे आलं तरच थोडं घालायचं.

"वर्षभर तेच ऑइल?" प्रल्हाद म्हणाला होता. "आम्ही काळं दिसलं की बदलायचो."

"काका, ही बोट नाही."

प्रल्हादने मान हलवली आणि घरी येऊन घोटभर ओतलं. आळीच्या उतारावर गाडी खाडीकडे तोंड करून उभी असे, त्यामुळे पट्टी नेहमी कमीच दाखवी. काही महिन्यांनी गाडी निळसर धूर सोडू लागली. शेजारची भिकी दारात सुके बोंबील निवडत बसे. ती म्हणाली, "प्रल्हाददादा, पंचायतीने डास मारायच्या धुराचं काम आता तुमच्याकडेच दिलं वाटतं."

प्रल्हाद हसला नाही. धूर येतो म्हणजे इंजिन ऑइल पितंय; पितंय म्हणजे एक दिवस संपणार. तो दोन घोट ओतू लागला.

श्रावणातल्या एका गुरुवारी वाटेतल्या झरी गावापुढच्या चढावर गाडी आचके देऊ लागली. स्टिअरिंगमागे इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि मागचा रस्ता धुराने दिसेना. प्रल्हादने गाडी कडेला घेतली आणि पहिल्यांदा डिकीतला डबाच काढला.

रस्त्याला लागूनच लाहूचं पत्र्याचं गॅरेज होतं. लाहू चालत आला आणि त्याने डब्याचं तोंड हाताने झाकलं.

"थांबा काका. आधी बघू तरी."

दोघांनी ढकलून गाडी गॅरेजपुढच्या सपाट जागेवर आणली. लाहूने तेल खाली बसायला थोडा वेळ जाऊ दिला, मग पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्या बरंच वर चढलं होतं. त्याने पट्टी प्रल्हादपुढे धरली.

"इंजिन पीत नाही, तुम्ही पाजताय. आत घुसळून फेस होतो, जास्तीचं हवेच्या नळीतून वर जातं आणि जळतं. खालून काढावं लागेल."

तो पाना घेऊन गाडीखाली सरकू लागला, तसा प्रल्हादने त्याचा दंड धरला.

"काढू नको."

"मग गाडी जाणार नाही."

"हळूहळू नेतो. पण तेल नको काढू."

लाहूने हात सोडवून घेतला नाही. त्याने गाडीत बसलेल्या सुनंदाकडे पाहिलं. तिने काच खाली केली होती. चेहऱ्यावर सूज होती आणि बोलताना ती मधे थांबत होती.

"अहो, इकडे या."

प्रल्हाद दाराशी गेला.

"नविनभावजींच्या वेळी तेल नव्हतं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ते नाव तिने त्याच्यासमोर असं सरळ घेतलं नव्हतं. "आज जास्त झालंय."

"कमी पडलं तर?"

"माझ्या अंगात पाणी जास्त झालंय, ते काढायलाच नेताय ना मला? तिथे नाही हात धरत त्या सिस्टरचा."

सुनंदाने पाठ सीटला टेकली. "उशीर झाला तर माझी मशीन दुसऱ्याला देतील," ती म्हणाली.

तो परत आला आणि लाहूला म्हणाला, "काढ."

खाली डबा लावून लाहूने बोल्ट सैल केला. तेलाची गरम, काळी धार पडू लागली. प्रल्हाद उकिडवा बसून ती बघत राहिला. त्याने फडकं दोन्ही हातांनी धरलं होतं. धार चालू असताना तो मधेच म्हणाला, "बास," आणि लाहू म्हणाला, "अजून." पुन्हा, "बास." "काका, अजून." शेवटी लाहूने बोल्ट आवळला, पट्टी पुसून दाखवली. तेल दोन खुणांच्या मधे होतं.

"थोडा वेळ धूर येईल अजून. वाटेत उघडून बघत बसू नका."

तलासरीचा नाका मागे पडेपर्यंत धूर विरळ झाला. प्रल्हादचे कान इंजिनावर होते. दवाखान्यात पोचले तेव्हा सुनंदाच्या मशीनजवळच्या खाटेवरची चादर दुसऱ्या कुणासाठी बदलणं चालू होतं. सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं, मग सुनंदाच्या पायांकडे, आणि तीच चादर तिच्यासाठी अंथरली.

पुढच्या खेपेच्या सकाळी प्रल्हादने गाडी आळीतून वर, मासळी सुकवायच्या सपाट मैदानावर नेली. पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. तेल दोन खुणांच्या मधे होतं. तो डिकीकडे गेला, डबा उचलला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

सुनंदा काठी टेकत मैदानापर्यंत आली होती. "ओतलं?" तिने विचारलं.

"नाही."

त्याने डबा परत ठेवला, बॉनेट लावलं आणि तिच्यासाठी दार उघडलं.