एका वाटीतली एकच

मागच्या महिन्यात माझी मोठी बहीण, शकूताई, गेली. दवाखान्यातून भाऊजींचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या गोल बाजारात रिक्षात होतो. ते रडत नव्हते. "दिलीप, तुही ताई गेली," एवढंच बोलले आणि जरा थांबून म्हणाले, "मीच देल्ल्या ना रे तिले त्या गोळ्या...?" मी रिक्षा दवाखान्याकडे वळवायला सांगितली.

ताई गणिताची शिक्षिका. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला आणि तिनं चौबे कॉलनीतल्या आपल्या गल्लीची दुखणीच शिकवणीला घेतली. फ्रिजवर तिचा जुना मिसळणाचा डबा असायचा. त्यातलं हळद-तिखट केव्हाच गेलं होतं आणि वाट्यांमध्ये गोळ्या आल्या होत्या. एक वाटी तापाची, एक खाजेची, एक सर्दीची, एक गाडीची, म्हणजे प्रवासात मळमळू नये म्हणून घ्यायची. गोळ्यांचे अख्खे पत्ते, म्हणजे स्ट्रिपा, वाटीत मावत नाहीत म्हणून ती कात्रीनं त्यांचे तुकडे करायची. त्यात औषधाचं नाव कापलं जायचं, पण त्या नावाशी आमच्यापैकी कुणालाच देणंघेणं नव्हतं. गोळीची ओळख तिच्या कामावरून. दारात कुणी "दीदी, सर्दी की गोली है क्या?" म्हणून उभं राहिलं की ही आतूनच ओरडायची, "हव, है ना! पर खाके गाडी मत चलाना, नींद आएगी." तिचा नियम एकच, आणि तो ती पाढ्यासारखा म्हणून घ्यायची... एका वाटीतली एकच. दुसरी मागितली तरी नाही म्हणजे नाही. लहान मूल असेल तर डबा उघडायचीच नाही. "लेकराले माह्या डब्यातली नाही देत मी. त्याचं वजन पाहून डॉक्टर देईन, तिकडं ने." मी चिडवायचो, ताई, दाराबाहेर पाटी लाव आता. ती म्हणायची, "लावीन न! अन् पयला पेशंट तूच." इतकी जपून वागणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि त्याचाच मला आता राग येतो.

तिला स्वतःला पित्ताचा त्रास होता. अंगभर लाल गांधी उठायच्या, खाजवून खाजवून दंड सोलून निघायचे. डॉक्टरांनी तिला एक बारीकशी गोळी दिली होती, ती घेतली की आग शमायची आणि झोपही लागायची. मागच्याच महिन्यात नागपूरला चुलतभावाच्या नातवाच्या बारशाला आम्ही गाडीनं निघालो, त्या दिवशी सकाळी तिचं नाक वाहत होतं, अंगावर गांधी होत्या आणि गाडी लागायची भीती तर तिला जन्माची. ती स्वयंपाकघरात दशम्या बांधत होती. तिथूनच तिनं भाऊजींना सांगितलं, डब्यातून काढून द्या. भाऊजींनी दिल्या. खाजेची एक, सर्दीची एक, गाडीची एक. पाण्याचा ग्लासही त्यांनीच धरला. मग ते मला घ्यायला पुरानी बस्तीत माझ्या घरी आले, तेव्हा ताई मागच्या सीटवर हसत बसलेली होती.

दुर्गच्या पुढे ती झोपेतून उठली आणि पाणी मागू लागली. तोंड कोरडं पडलंय म्हणाली. प्यायली, पुन्हा मागितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, आईले काहून नाही घेतलं गाडीत?" मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. पण ती पदरावरून काहीतरी वेचत होती, पदरावर काहीच नसताना. एका ढाब्यावर लघवीसाठी उतरली, तर लघवी होईना. परत येताना पाय एकमेकांत अडकले आणि ती ओट्याच्या कडेवर डोकं आपटून पडली. आम्ही गाडी तशीच वळवून रायपूरला आणली. ती शुद्धीवर आलीच नाही.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी घरातली औषधं मागवली, तर भाऊजींनी डबाच नेऊन ठेवला. तुकड्यांवर नाव कुठलं? जुन्या चिठ्ठ्या काढल्या, औषधाच्या दुकानात विचारलं, तेव्हा कळलं. त्या तिन्ही गोळ्या एकाच घराण्यातल्या निघाल्या, जुन्या पिढीची अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीवरची गुंगी आणणारी औषधं. बाईंनी आवाज न चढवता समजावलं. औषध वाईट नाही, खाज, शिंका, मळमळ सगळ्यांवर चालतं, म्हणून तर ते तीन वाट्यांत होतं. पण या वयात एक गोळीसुद्धा भारी पडू शकते. डोकं भ्रमतं, लघवी अडते, तोल जातो. म्हणून म्हाताऱ्या माणसांना शक्यतो नवी, कमी गुंगीची गोळी देतात, आणि एकाच जातीच्या दोन गोळ्या एका वेळी कधीच घेत नाहीत. भाऊजी मान हलवत ऐकत होते. मी डब्याकडे बघत होतो. ताईनं नियम मोडला नव्हता. एका वाटीतली एकच घेतली होती.

भेटायला आलेले लोक "उमर हो गई थी" म्हणाले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिचं वय झालं नव्हतं. ती बारशाला निघाली होती. आता मला सगळं कळलंय आणि त्या कळण्याचा काडीचा उपयोग नाही.

डबा मी रिकामा करून परत फ्रिजवर ठेवला, फेकू भाऊजी देत नाहीत. ते आता कुठल्याही गोळीला स्वतः हात लावत नाहीत. त्यांची रक्तदाबाची गोळी द्यायला मी रोज सकाळी जातो. पत्ता अख्खा लागतो आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं. मी वाचतो. ते तळहात पुढे करतात, मी गोळी ठेवतो, आणि ते तिच्याकडे बघत विचारतात, "हे तिले चालली असती का रे?"

रोज विचारतात. मी पाण्याचा ग्लास पुढे करतो.