रक्तावरची साय

माझी पोरगी तीन महिन्यांची असताना मी तिला अंगावर पाजणं बंद केलं. गावानं मला कसायीण म्हटलं. म्हणू दे. आज तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, आणि भर चौकात करीन.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. माझं सासर पिंपळगाव राजाचं, माहेर नांदुऱ्याजवळचं. माहेरी आठ म्हशी होत्या. दूध विरजायचं, घुसळायचं आणि लोण्याचे गोळे नांदुऱ्याच्या बाजारात न्यायचे, यातच माझं बाळपण गेलं. सासरी कपाशी आणि ज्वारी. पोरगी जन्मली तेव्हा चांगली ठणठणीत होती. महिना उलटला आणि पाजलं की ती रडू लागली. भुकेचं रडणं आईला कळतं, हे तसं नव्हतं. गुडघे पोटाशी घेऊन ती कळवळायची. पोट टम्म फुगायचं. मग कोपरांवर आणि ढुंगणावर ज्वारीच्या कण्यांएवढ्या पिवळ्या पुटकुळ्या उठल्या.

"देवी हाय व," आत्याबाई म्हणाल्या, म्हणजे माझ्या सासूबाई. "भरपूर पाज तिले. तू तूप खाय, दुधाले कस येऊ दे."

मी मुकाट्यानं खाल्लं. डिंकाचे लाडू खाल्ले, तुपात बुडवलेली पोळी खाल्ली. माझ्या अंगावर मांस चढलं आणि पोरगी वाळत गेली.

शेवटी नवऱ्याशी भांडून मी छकडा जुंपायला लावला आणि तिला नांदुऱ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय म्हणाले, हिवताप असेल. सुईनं रक्त काढून काचेच्या नळीत खिडकीशी ठेवलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी आत बोलावलं. नळीत लाल रक्त खाली बसलं होतं, आणि वर पांढरं, दुधासारखं.

"नळी नीट धुतलेली नसेल," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा रक्त घ्यावं लागेल."

"राहू द्या, डाक्टरसाहेब. नळी साफ हाय. ती साय हाय."

"गप बस व," नवरा म्हणाला.

आजवर मी दुधावरची साय पाहिली होती, रक्तावरची पहिल्यांदाच पाहत होते. पण ओळखायला वेळ नाही लागला. डॉक्टरांनी नळी उजेडात फिरवून पाहिली आणि खरं तेच सांगितलं, "बाई, मी असं कधी पाहिलेलं नाही. औषध काय द्यावं, मला माहीत नाही." त्यांचा मला राग नाही आला. माहीत नाही असं कबूल करणारा त्या वर्षात मला तेवढा एकच माणूस भेटला.

परतीच्या वाटेवर माझा विचार पक्का झाला. लोणी रक्तात जिरत नसेल, तर ते पोटात जाऊच द्यायचं नाही. घरी आल्यावर मी माझं दूध वाटीत काढलं, पाण्याच्या परातीत ठेवलं, ओल्या फडक्यानं झाकलं. काही वेळानं वर साय आली. आईच्या दुधालाही साय येते, हे आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं, कारण कोणी ते ठेवून पाहिलंच नव्हतं. मी ती अलगद काढून घेतली आणि खालचं निळसर, पाणचट दूध बोंडल्यानं पाजलं. साय चुलीत टाकली. चर्र झालं.

आत्याबाईंनी कपाळ बडवून घेतलं. आईचं दूध आगीत पडलं की पान्हा आटतो, असं मानतात आमच्याकडे. "लेकराच्या तोंडचा घास जाळून राह्यली! कसायीण हायेस का व तू?"

"हाव, जाळून राह्यली," मी म्हटलं. "आटला पान्हा त आटू द्या. माही पोरगी जगली पाह्यजे."

पान्हा आटला नाही, हेही सांगून ठेवते.

विहिरीवर एक बाई म्हणाली, पोरगीच तर आहे, एवढा काय जिवाचा आटापिटा. तिची भरलेली घागर मी लाथेनं उलटवली. त्यानंतर निदान माझ्या तोंडावर तरी कोणी बोललं नाही. पंधरा दिवसांत रडणं थांबलं. पुढं हळूहळू पुटकुळ्याही सुकल्या. आत्याबाईंनी देवीला नारळ फोडला.

उष्टावण आठवड्यावर आलं होतं. मी शेतातून परतले तर पोरगी घामानं थबथबलेली, ओकत होती, पोट दगडासारखं. तिची हनुवटी चकाकत होती. मी वास घेतला. तूप!

"चार दिसांपासून चमचा-चमचाच दिलं," आत्याबाई रडत होत्या. "माह्या वाटचं दिलं व. कशी हासून चाटत होती."

मायेनं दिलं होतं, म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुपाची बरणी आणून मी त्यांच्या मांडीवर ठेवली. "घ्या, सगळं पाजा! अन् मंग खड्डा बी तुम्हीच खंदा!"

दोन दिवस पोरगी नुसत्या उकळलेल्या पाण्यावर होती. आत्याबाई तिच्या पायथ्याशी बसून होत्या, जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पोरीनं भुकेचं रडणं काढलं. ते मला लगेच कळलं. मी तिथंच बसून मोठ्यानं रडले.

उष्टावणाला माझा भाऊ आला. मामानं पहिला घास भरवायचा. त्यानं पेजेवर तुपाची धार धरायला चमचा उचलला, आणि मी उठायच्या आत आत्याबाईंनी वाटीवर हात आडवा धरला. "तूप नोको, बापा. माह्या नातीले चालत नाही." जसं काही त्यांनीच शोधून काढलं होतं! माझा असा संताप झाला! पण पोरगी पेज मिटक्या मारत खात होती, म्हणून गप्प बसले.

पोरीची चाळिशी उलटल्यावर आम्ही नागपूरला एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. रक्तातली चरबी फोडून अंगी लावणारं एक एन्झाइम असतं, लायपोप्रोटीन लायपेज त्याचं नाव, आणि ते हिच्यात जन्मापासून कामच करत नाही. औषध नाही, तूप-तेल तोडणं हाच उपाय. तान्हेपणी तूप-साय बंद केली नसती तर ही हाती लागणं कठीण होतं, असं ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी मला विचारलं, "त्या काळी, त्या खेड्यात, तुम्हाला हे सांगितलं कोणी?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "सगळ्यांनी उलटंच सांगितलं होतं."